विल्सन जोन्स : उमेदीची वर्षे

विल्सन जोन्स (१९२२–२००३) मूळचे पुण्याचे. स्नूकरमध्ये जोन्स १९४८ मध्ये राष्ट्रीय विजेते झाले. त्यांचा खरा ठसा उमटला तो बिलियर्ड्‌समध्ये. तिथे टेबलावर तीनच चेंडू असतात. आताचा फटका मारतानाच पुढच्या फटक्यासाठी ते पुन्हा जवळ आणावे लागतात. हे कसब जोन्स यांच्या हातात मुरलेले होते. १९५० मध्ये ते राष्ट्रीय विजेते ठरले. १९५१ मध्ये लंडनच्या जागतिक हौशी स्पर्धेत यश हुकले. १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांनी ती जिंकली. भारताची हॉकीतील ऑलिंपिक सुवर्णपदके संघाची होती. वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे मात्र जोन्स पहिले भारतीय. त्या मानाने त्यांचे नाव फारच कमी घेतले जाते. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी जागतिक विजेतेपद पुन्हा पटकावले.