जयपूरच्या सार्वजनिक जीवनातील स्त्रिया : एक मराठी धागा

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना आपण प्रथम हवामहाल दाखवितो. राजस्त्रियांनी झरोक्यांआडून रस्त्यावरील मिरवणूक पाहावी, परंतु त्या मात्र कोणाच्या दृष्टीस पडू नयेत, अशी ती योजना. पडद्याच्या रक्षणार्थ एवढी कलाकुसर खर्ची घालणाऱ्या या नगरीत स्त्रिया सत्तास्थानी कशा पोहोचल्या, हा इतिहास उद्बोधक आहे; आणि त्यात एक मराठी धागाही गुंफलेला आहे.

१९२७ साली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. त्यांच्या कन्या इंदिराराजे यांनी ग्वाल्हेरशी ठरलेला विवाह स्वतः मोडून कूचबिहारच्या राजपुत्रास वरले होते. या मायलेकींच्या घरातील गायत्रीदेवी १९४० मध्ये जयपूरच्या महाराणी झाल्या. पडदा नुसत्या उपदेशाने सुटत नाही, हे जाणून त्यांनी १९४३ मध्ये येथे मुलींची शाळा काढली. पुढे १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत स्वतंत्र पक्षातर्फे उभ्या राहून त्यांनी २,४६,५१६ पैकी १,९२,९०९ मते मिळविली. १९६७ व १९७१ मध्येही त्याच निवडून आल्या.

तथापि राणीला मत देणे निराळे आणि शेजारच्या गृहिणीला नगरसेविका करणे निराळे. हा दुसरा पल्ला गाठावयास १९९३ साल उजाडावे लागले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. नावाच्या नगरसेविका आणि कारभारी यजमान, अशी थट्टा तेव्हा सर्रास होई. ती सर्वस्वी निराधार होती असेही म्हणवत नाही.

२००४ च्या अखेरीस मात्र विलक्षण योग आला. मुख्यमंत्रिपदी ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील वसुंधराराजे, विधानसभेच्या अध्यक्षपदी सुमित्रा सिंह आणि राजभवनात आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. प्रतिभाताईही १९६२ सालीच प्रथम आमदार झालेल्या. २००६ मध्ये विधानसभेने संमत केलेले धर्मस्वातंत्र्य विधेयक त्यांनी स्वाक्षरी न करता परत पाठविले. विधेयकाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. सरकारी नोकराने शिरूही नये. पण ही पदे शोभेची नव्हती, एवढे त्यातून दिसले.

२००९ च्या जुलैत गायत्रीदेवी निवर्तल्या. त्याच वर्षी जयपूरकरांनी प्रथमच थेट मतदानाने महापौर निवडला, आणि निवडून आल्या ज्योती खंडेलवाल. सभागृहात बहुमत विरोधी पक्षाचे. त्यामुळे कारभार सोपा नव्हता.

आपल्या मंडळापुरते बोलावयाचे तर, वर्षानुवर्षे हळदीकुंकू आणि गणेशोत्सवाचा प्रसाद यांपलीकडे भगिनींचे मत आम्ही क्वचितच विचारले. आता हिशेबाच्या वह्या त्यांच्याकडे आहेत. या स्मरणिकेच्या जाहिरातींची वसुलीही त्यांनीच केली, आणि थकबाकीदारांच्या यादीत दोन माजी अध्यक्षांची नावे निःसंकोच घातली.