बिल्ला, दिवा आणि डबलसीट

सायकल ही गाडी मानायची की नाही, याचा निकाल इंग्लंडमध्ये १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात लागला. सायकल ही गाडीच आहे, तेव्हा बेफाम गाडी हाकल्याचा गुन्हा सायकलस्वारालाही लागू होतो, असे न्यायालयाने ठरवले. पुढे १८८८ च्या कायद्याने सायकलींना अंधारात दिवा आणि पुढच्याला ओलांडताना घंटी सक्तीची केली. पुण्यातले सायकलींचे नियमही याच समजुतीवर उभे होते.

भारतात १९३९ चा मोटार वाहन कायदा इंजिनाच्या गाड्यांपुरताच होता. त्यामुळे सायकलीचा कारभार नगरपालिका आणि पोलीस यांच्याकडे राहिला. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाने वाहने, होड्या आणि जनावरांवर कर बसवण्याचा अधिकार महापालिकांना दिला, तर १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमाने रहदारीचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांकडे आला. पुणे महापालिका १९५० साली स्थापन झाली. तेव्हाचे पुणे सायकलींचे शहर होते. खडकीच्या कारखान्यांतले कामगार, कारकून, कॉलेजातली मुले-मुली, दूधवाले, सगळे सायकलीवर. ज्यांची स्वतःची नव्हती ते तासावर भाड्याने घेत.

कर भरला की बिल्ला मिळे. नंबर आणि वर्ष ठोकलेला हा धातूचा लहानसा तुकडा सायकलीला पक्का लावून ठेवायचा. वर्ष संपले की नवा. लेखी परवाना जपून ठेवण्यापेक्षा ही सोय शहाणपणाची होती, कारण पोलिसाने सायकल थांबवली की त्याला क्षणात उलगडा होई.

दिवेलागणीनंतर खरी कसोटी लागे. कोणाच्या सायकलीला डायनॅमो, कोणाला रॉकेलची बत्ती, कोणाच्या हातात नुसती बॅटरी. काहीच नसले तर चौकाच्या अलीकडे उतरायचे आणि सायकल हातात धरून पोलिसासमोरून चालत जायचे. चालणाऱ्याला दिव्याची सक्ती नव्हती. डबलसीटलाही मनाई होती. त्यामुळे कॅरिअरवर बसलेला मित्र चौकाआधी उडी मारून उतरे, पलीकडे जाऊन पुन्हा बसे. सापडले तर दंड, आणि पुष्कळदा दंडाऐवजी चाकाची हवा सोडली जाई. कायद्यात नसलेली ही शिक्षा लोकांना जास्त लागे. रात्री पंक्चरवाल्याचे दुकान बंद, मग सायकल ढकलत घर गाठायचे.

पेठांचे रस्ते अरुंद. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता हे पुढे एकेरी झाले, आणि एकेरी वाहतुकीचा नियम सायकललाही लागला. मोटारीसाठी चार चौकांचा वळसा म्हणजे थोडे पेट्रोल. सायकलस्वाराला तो पायांनी मोजावा लागतो. हा भार सर्वांत कमी जागा व्यापणाऱ्यावर पडला, ही या व्यवस्थेतली खरी चूक होती.

सत्तरच्या दशकापासून स्कूटर आणि लूना वाढत गेल्या. सायकली घटल्या तसे बिल्लेही गेले, दिव्याची तपासणी सुटली. डबलसीटवाले मोटारसायकलवर बसले आणि तिथे दोघांना कायद्यानेच मुभा होती. १९८८ च्या नव्या मोटार वाहन कायद्यानेही सायकल आपल्या कक्षेबाहेरच ठेवली. महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा नियमांचा रोख पालटला होता: सायकलस्वाराने काय करू नये हे सांगण्याऐवजी त्याच्यासाठी कुठे जागा राखायची, हे त्यात आखले होते.