ॲस्टनची पोरं घरी आली तेव्हा

इतिहासाच्या आपल्या सदरात गडकिल्ले येतात, पेशवाई येते, कधी गिरणगाव येतं. आज मी तुम्हाला बर्मिंगहॅमला, एका कॉन्सर्टला घेऊन जाणार आहे. तीही हेवी मेटलची. लगेच आवाज कमी करू नका, कारण हा इतिहास कारखान्यांचा आहे, कामगारांच्या पोरांचा आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण ज्या देशात घर करून राहिले आहेत त्या देशाचा आहे. शिवाय तुमच्या घरात काळा टी-शर्ट घालून, कानाला हेडफोन लावून बसणारं एखादं लेकरू असेल, तर तुम्ही हे ऐकायलाच हवं.

तारीख ५ जुलै २०२५, शनिवार. त्या दुपारी तुम्ही विटन किंवा ॲस्टन स्टेशनवर उतरला असतात, तर काळ्या टी-शर्टांच्या लोंढ्यानेच तुम्हाला व्हिला पार्कपर्यंत नेऊन सोडलं असतं. एरवी हे ॲस्टन व्हिलाचं फुटबॉलचं मैदान. त्या दिवशी तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं जमली होती. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची पहिली रेकॉर्ड जपून ठेवलेले आजोबा होते, त्यांची मुलं होती, नातवंडंही होती. कार्यक्रमाचं नाव होतं 'बॅक टू द बिगिनिंग', म्हणजे पुन्हा सुरुवातीकडे. आणि ते नाव शब्दशः खरं होतं. ज्याला निरोप द्यायला सगळे जमले होते, तो ऑझी ऑस्बॉर्न या मैदानापासून चालत जाता येईल अशा लॉज रोडवरच्या छोट्या घरात वाढला होता.

ब्लॅक सबाथ या बँडचे चौघेही ॲस्टनचे. गिटारवर टोनी आयोमी, बेसवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी. चौघांचा जन्म १९४८-४९ चा, युद्धानंतरच्या टंचाईतला. बर्मिंगहॅमला तेव्हा 'हजार धंद्यांचं शहर' म्हणत. ओतशाळा, पत्र्याचे कारखाने, मोटारींचे सुटे भाग. याच पट्ट्यातल्या ओतशाळांत पंजाबातून आलेली आपली माणसंही राबत होती. ऑझीने मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं, कत्तलखान्यात केलं, घरफोडीच्या गुन्ह्यात काही आठवडे तुरुंगातही काढले. अशा पोराचं पुढे काय होणार, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं असणार.

आता आयोमीची गोष्ट ऐका. हा सतरा वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. एका बँडबरोबर दौऱ्यावर जायची संधी आली म्हणून त्याने नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी जेवायला घरी आला आणि परत जायचा कंटाळा करू लागला. आईने बजावलं, की घेतलेलं काम पूर्ण करून ये. आपल्याही आयांनी हेच सांगितलं असतं. तो गेला, आणि त्या दुपारी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा. म्हणजे ज्या बोटांनी गिटारच्या तारा दाबायच्या, तीच ही बोटं.

डॉक्टरांनी वाजवणं विसरायला सांगितलं. कारखान्याच्या फोरमनने मात्र त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा हात १९२८ मध्ये आगीत भाजला होता, आणि उरलेल्या दोन बोटांवर तो जगातला नावाजलेला गिटारवादक झाला होता. आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर चढवल्या, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना बोटं दुखत, म्हणून बँजोच्या पातळ तारा लावल्या. पुढे तारांचा ताणही कमी केला. तार सैल केली की स्वर खाली उतरतो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये त्याची गिटार तीन अर्धस्वर खाली गेली. पेटीच्या भाषेत सांगायचं, तर पांढरी तीनवरून काळी एकवर. तो जड, खर्जातला, गडगडाटी आवाज आज जगभरचे मेटल बँड मुद्दाम काढतात.

माझा धंदा आयटी कन्सल्टिंगचा. आमच्याकडे याला वर्कअराउंड म्हणतात. मूळ बिघाड दुरुस्त होण्यासारखा नसतो, तेव्हा त्याला वळसा घालून काम चालू ठेवायचं. बहुतेक वर्कअराउंड कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. या एकावर अख्खी संगीतपरंपरा उभी राहिली.

आणखी एक गंमत आपल्या कानांसाठी. बँडच्या पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं, त्याचंही नाव 'ब्लॅक सबाथ'. त्यात मुख्य स्वर तीनच: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. हाच तीव्र मध्यम यमनमध्ये संध्याकाळ प्रसन्न करतो. इथे आजूबाजूला दुसरे स्वर नाहीत, त्याच्यावर येऊन थांबायचं आहे, म्हणून तोच अंगावर काटा आणतो. हा अख्खा अल्बम ऑक्टोबर १९६९ मध्ये एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, बाजारात आला. समीक्षकांनी नाकं मुरडली, लोकांनी विकत घेतला. त्याच वर्षीचा दुसरा अल्बम 'पॅरनॉइड' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'वॉर पिग्ज' हे युद्धाविरुद्धचं गाणं आहे. गरिबांच्या पोरांना मरायला पाठवणाऱ्यांवरचा तो राग आहे.

आता परत व्हिला पार्कवर चला. दुपारी एकच्या सुमारास सुरू झालेला कार्यक्रम रात्रीपर्यंत चालला. मास्टोडॉनने सुरुवात केली. मग अँथ्रॅक्स, लँब ऑफ गॉड, गोजिरा, पँटेरा, टूल, स्लेयर, गन्स अँड रोझेस, मेटॅलिका. एरवी यातले काही बँड एकटेच स्टेडियम भरतात. त्या दिवशी प्रत्येकाने मोजकीच गाणी वाजवली आणि त्यात गुरूंचं एखादं गाणं घेतलं. आपल्याकडे गुरूच्या पंच्याहत्तरीला शिष्य हजेरी लावतात, तसंच हे. उत्पन्न जाहीर झालं होतं तीन संस्थांसाठी: पार्किन्सन्सवर संशोधन करणारी क्युअर पार्किन्सन्स, बर्मिंगहॅमचं मुलांचं हॉस्पिटल आणि एकॉर्न्स हा मुलांचा हॉस्पिस.

पार्किन्सन्स का? कारण ऑझीला तो होता. जानेवारी २०२० मध्ये त्याने ते जाहीर केलं होतं. रात्री तो मंचावर आला तो काळ्या सिंहासनावर बसूनच. उभं राहता येत नव्हतं. आधी त्याची स्वतःची पाच गाणी झाली. मग बाकीचे तिघे आले. मूळचे चौघे एका मंचावर, २००५ नंतर पहिल्यांदाच. चार गाणी वाजली, शेवटी 'पॅरनॉइड'. ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचं माणूस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, की खुर्चीत बसून, थरथरत्या हातांनी, पूर्ण सूर लागत नसताना चाळीस हजार लोकांसमोर गाणं ही काय चीज आहे. सूर जिथे कमी पडला, तिथे स्टेडियम गायलं.

सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. वय ७६. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून निघाली आणि ब्लॅक सबाथ ब्रिजवर थांबली. पुढे ब्रास बँड बँडचीच गाणी वाजवत होता. जून महिन्याच्या अखेरीस याच शहराने चौघांना 'फ्रीडम ऑफ द सिटी' हा मान दिला होता. ज्या पोराला याच शहराने तुरुंगात टाकलं होतं, त्याच्यासाठी रस्ते बंद केले गेले.

ऑझी आदर्श माणूस होता असं मी म्हणणार नाही. दारू आणि ड्रग्जने त्याने स्वतःचं आणि घरच्यांचं आयुष्य किती पोळलं, ते त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. मुलांना तेही सांगा. पण त्यांचं संगीत "नुसती आदळआपट" म्हणून उडवून लावू नका. आपल्याही पिढीत ही आवड होती. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक'ला जाणारी मराठी मुलं होतीच. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून केली, तेव्हाही ती होती. आज त्यातली काही तुमच्याच ऑफिसात शेजारी बसत असतील. विचारून पाहा.

आणि पोरगं कॉन्सर्टला जायचं म्हणालं, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मंचासमोर मुलं एकमेकांवर आदळतात त्याला मॉश पिट म्हणतात. बघायला भयंकर वाटतं, पण तिथला जुना नियम असा, की कोणी पडलं तर आधी त्याला उचलायचं. धक्काबुक्की नको असेल, तर कडेला किंवा मागे उभं राहायचं. दुसरी गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. म्हणून इअरप्लग हवेतच. आणि गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या शेजारी उभे राहाल, तेव्हाही ते खिशात असू द्या.

जमलं तर तुम्हीही बरोबर जा. परतीच्या ट्रेनमध्ये पोरं जेवढं बोलतात, तेवढं घरी महिनाभरात बोलत नाहीत.