कावेरीतील खुद्री

दरवर्षी माघ सरता सरता आम्ही येलहंक्याची बिऱ्हाडकरू मंडळी रजेचे अर्ज टाकतो आणि भीमेश्वरीस जातो. कनकपुरा, हलगूर मागे पडले की रस्ता रानात उतरतो व खाली कावेरी दिसू लागते. आमच्यातील वडीलधारे एके काळी येथे गळ घेऊन येत. अभयारण्यात गळास मनाई झाल्यापासून आम्ही नुसतेच काठावर बसतो. बोलणे मात्र माशाचेच निघते.

साहेबलोक परमुलखात आले तेव्हा त्यांना मायदेशीच्या ट्राउटची आठवण सोडवेना. फ्रान्सिस डे यांनी १८६० नंतरच्या दशकात तो मासा निलगिरीत रुजविण्याची खटपट केली. तिला खरे यश विसाव्या शतकाच्या आरंभी आले. पण येथल्या नद्यांचा राजा महाशीर. हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहून त्याला सामनच्याही वर बसविले. १९४६ साली व्हॅन इंगेन यांनी कबिनीत १२० पौंडांचा महाशीर धरला. तो विक्रम अद्याप सांगितला जातो.

१९७० नंतर बेंगळुरूच्या गळकऱ्यांनी कावेरीचा एक पट्टा राखला. रागीच्या पिठाचा गोळा गळास लावावा, मासा दमवावा, तोलावा आणि पुन्हा पाण्यात सोडावा, अशी रीत पुढे पडली. नदीत मासा वाढावा म्हणून लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रातून पिले आणून सोडण्यात आली. त्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महाशीराची कृत्रिम पैदास साधली होती. हा मासा आपल्या मुळा-मुठेतला. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे वर्णन केले आणि मराठी मुखातील ‘खुद्री’ हेच नाव त्यास शास्त्रात दिले. आपल्याकडचा मासा कावेरीत नांदतो, याचा आम्हांस कोण अभिमान होता!

तो अभिमान पुढे उतरला. कावेरीचा स्वतःचा महाशीर निराळा. पाठीवर वशिंड, पर नारिंगी. व्हॅन इंगेन यांचा मासा याच कुळातला. गळकऱ्यांनी १९९८ ते २०१२ पर्यंत गालिबोरे येथे ठेवलेल्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, तेव्हा निळ्या पराची खुद्री वाढत गेलेली आणि वशिंडाचा मासा जवळजवळ नाहीसा झालेला आढळला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी हीही कारणे होतीच. पण ज्याला आम्ही नदीचे भाग्य समजत होतो, तो पाहुणाच घरधन्याच्या जागी बसला होता. २०१८ साली या माशास ‘टॉर रेमादेवी’ हे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्याचे नाव ठरावयास एवढा काळ लागला, त्याची उणीव वेळीच कोणास कशी जाणवावी?

दोष कोणाच्या हेतूला द्यावा असे आम्हांस वाटत नाही. पिले सोडणाऱ्यांनी नदीवर प्रेमच केले. फक्त मोजताना महाशीर म्हणजे महाशीर, एवढेच पाहिले. आम्हीही बदलीच्या गावी वर्षानुवर्षे राहतो आणि तेथले काय आपल्यामुळे हलले, हे क्वचितच विचारतो. यंदा संध्याकाळी डोहात एक मोठा मासा उसळला. आमच्यातील एकाने सवयीने ‘आपला!’ म्हटले. नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.