राजा पळाला की त्याने राज्य सोडले? एका क्रियापदाचा वाद

१/५
डिसेंबर १६८८. विल्यम ऑफ ऑरेंजच्या फौजेपुढे हतबल झालेल्या इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सने राजमुद्रा थेम्स नदीत फेकली आणि अखेर फ्रान्स गाठले. राजत्यागाचा एकही कागद त्याने लिहून दिला नव्हता. मग सिंहासन कोणाचे?

२/५
२८ जानेवारी १६८९ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला: राजाने राज्य 'ॲब्डिकेट' केले असून सिंहासन रिक्त आहे. उमरावांच्या सभागृहाला मात्र 'डेझर्ट' हा शब्द हवा होता.

३/५
भेद सूक्ष्म, परिणाम प्रचंड. 'डेझर्ट' म्हणजे जागा सोडून जाणे. गेलेला परतू शकतो. 'ॲब्डिकेट' म्हणजे पदाचाच त्याग. मग हक्क उरत नाही. पण सिंहासन रिक्त मानले, तर वंशपरंपरेचा मुकुट निवडीने द्यावा लागेल, ही उमरावांची भीती होती.

४/५
६ फेब्रुवारीला उमराव नमले. १३ फेब्रुवारीला विल्यम आणि मेरी यांना मुकुट अर्पण करण्यात आला.

५/५
एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या सभेने तिसराच शब्द निवडला: 'फॉरफिट', म्हणजे स्वतःच्या अपराधापायी हक्क गमावणे. राजा तोच, पलायनही तेच. इंग्लंडने त्याला त्यागी ठरवले, स्कॉटलंडने अपराधी.