निर्णय कोणाचा, खर्च कोणाचा?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी सौंसरचा शेतकरी आपल्या बांधावरून हललाही नव्हता. तरी नागपूर त्याला परराज्यातले झाले. आदल्या दिवसापर्यंत त्याच्या राज्याची राजधानी असलेले ते शहर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेस दिला आहे. विधिमंडळाने केवळ आपले मत कळवावयाचे. तथापि त्या शेतकऱ्यास सावनेरला जाण्यासाठी परवाना लागला नाही. देशात कोठेही फिरणे व राहणे हा नागरिकाचा हक्क आहे. परदेशातून येणाऱ्यास प्रवेश देणे वा नाकारणे ही मात्र केंद्राच्या अखत्यारीतील गोष्ट होय.

पण येणारा माणूस अखेर कोणत्या ना कोणत्या राज्यातच उतरतो. त्याच्यासाठी जमीन, शाळा, पोलीस यांची तजवीज राज्यालाच करावी लागते. मग या खर्चाचा भार कोणी वाहावयाचा?

मध्य प्रदेशाने हा प्रश्न जवळून पाहिला आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १९५८ साली दंडकारण्य योजना सुरू झाली. तीत तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर आणि ओरिसातील कोरापुट येथील जमीन राज्यांनी दिली, पैसा केंद्राने. त्याच वर्षी परकीयांना परत धाडण्याचे आपले काम केंद्राने २५८ व्या अनुच्छेदान्वये राज्यांकडे सोपविले. हा अनुच्छेद मोठा न्याय्य आहे. अशा कामाचा जादा प्रशासकीय खर्च केंद्राने द्यावा, आणि रकमेविषयी एकमत न झाल्यास सरन्यायाधीशांनी नेमलेल्या लवादाने ती ठरवावी, असे तो सांगतो. म्हणजे देणेकऱ्यानेच आपले देणे ठरवावयाचे नाही.

अमेरिकेत हाच वाद निराळ्या रूपाने उभा राहिला. स्थलांतरितांच्या धरपकडीत साहाय्य न करणाऱ्या शहरांचे अनुदान रोखावे, असा आदेश तेथील अध्यक्षांनी २०१७ साली काढला. सान फ्रान्सिस्को आणि सांता क्लारा यांनी न्यायालयाचे दार ठोठावले. तिजोरीची किल्ली संसदेच्या हाती आहे, तिच्या संमतीवाचून अध्यक्षांना असे अनुदान अडविता येणार नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने २०१८ साली दिला. आपल्याकडेही संचित निधीतील पैसा कायद्यावाचून काढता येत नाही.

संघराज्य आणि सत्ताविभाजन हे शब्द दिल्लीतले वाटतात. त्यांचे फळ मात्र तालुक्याच्या गावी भोगावे लागते. पांढुर्णा-सौंसरचा २०२३ साली वेगळा जिल्हा झाला, पण १९५६ ची राज्यसीमा जेथल्या तेथे आहे. माणसांचे भवितव्य ठरविणारी रेघ ज्याने ओढावी, तिचा खर्चही त्याने उचलावा, आणि हिशेब तिसऱ्याने तपासावा; घटनेतील त्या तरतुदीचे मर्म हेच आहे.