विज्ञान बोलून दाखविणे

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर किंवा संतवाङ्मयावर बोलणाऱ्यास श्रोत्यांची वाण पडत नाही. शास्त्रीय विषय जाहीर झाला म्हणजे मात्र पुढच्या चार रांगा रिकाम्या राहतात. यात दोष श्रोत्यांचा आहे असे मला वाटत नाही. विज्ञान बोलून दाखविण्याची कला आपण विद्यार्थ्याला शिकवीतच नाही. महाविद्यालयात ‘सेमिनार’ असतो; त्यात मुलगा उभा राहतो, पुस्तकातील चार पाने खाली मान घालून वाचतो आणि घाम पुसत बसतो. ‘सेमिनार’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्याचा अर्थ रोपे तयार करण्याची जागा, म्हणजे आपला वाफा, असा आहे. वाफ्यात रोप रुजवावे लागते. उपटून आणलेली फांदी खोचून भागत नाही.

आपल्याकडे हा वाफा प्रथम तयार झाला तो मुंबईस. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून भूगोल, रसायन, पदार्थविज्ञान हे विषय मराठीत आणले. १८४६ मध्ये ते अकाली निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ च्या जून महिन्यात, एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा स्थापिली. सदस्याने निबंध तयार करावा, सभेत वाचावा आणि त्यावर इतरांनी बोलावे, अशी तिची रीत. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत अग्रभागी होते. पुढे ते त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. मूळ सभेचा व्यवहार इंग्रजीत चाले. परंतु इंग्रजी न जाणणारा माणूस ज्ञानाला पारखा राहतो हे या तरुणांच्या लवकरच ध्यानी आले, आणि त्याच वर्षी मराठी व गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, पहिले अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८५० पासून निघू लागलेले ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक या सभेचेच होय.

एका व्याकरणकाराला त्या खुर्चीवर बसविले, यात मला मोठे औचित्य दिसते. एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजीतून शिकलेली गोष्ट मराठीत सांगावयाची म्हणजे आधी ती आपल्याला कळली आहे की नाही याची परीक्षा होते. परभाषेतील संज्ञेच्या आड अज्ञान सुखाने लपून राहते; ‘हवेला वजन आहे’ असे आपल्या भाषेत म्हटले की समोरचा मनुष्य ताबडतोब विचारतो, ‘ते तुम्ही तोललेत कसे?’

मुंबईहून आपल्या जिल्ह्याकडे वळताना एक चमत्कारिक योग दिसतो. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने धाराशिवचे उस्मानाबाद झाले, आणि त्यांच्याच नावाने १९१८ मध्ये हैदराबादेस विद्यापीठ स्थापन झाले. या विद्यापीठाने केलेला प्रयोग साऱ्या हिंदुस्थानात अपूर्व होता. इतरत्र उच्च शिक्षण इंग्रजीत चालले असता तेथे ते उर्दूत सुरू झाले. त्याकरिता भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले, ग्रंथ भाषांतरित झाले, पदार्थविज्ञानाला ‘तबीईयात’ आणि गणिताला ‘रियाजी’ म्हणत वर्ग भरू लागले. देशी भाषेत शास्त्र शिकविता येत नाही ही समजूत या प्रयोगाने खोटी ठरविली, हे त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण ज्याच्या घरी मराठी, अशा मराठवाड्यातील मुलाला ती भाषाही परकीच होती. १९४८ नंतर हैदराबादेस इंग्रजी माध्यम आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ झाले. आजोबा उर्दूत शिकले, नातू इंग्रजीत, आणि घरी विषय निघाला तर दोघेही मराठीत अडखळले, अशी कुटुंबे आपल्याकडे विरळा नाहीत.

विद्यार्थ्याने बोलण्याची तयारी कशी करावी, हे सांगण्यास उपदेशापेक्षा एक उदाहरण घेतलेले बरे. समजा, आपल्या जिल्ह्यातील मुलीने सेमिनारसाठी १९९३ चा भूकंप हा विषय निवडला. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजण्यास काही मिनिटे कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. लातूर जिल्ह्यातील औसा आणि आपल्या जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांवर घाला पडला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. मृतांची सरकारी संख्या आठ हजारांच्या घरात जाते. हे सर्व श्रोत्यांना ठाऊक आहे, कित्येकांनी भोगले आहे. मग तिने सांगावे काय?

पहिली दहा मिनिटे भूगर्भाच्या सर्वसाधारण वर्णनात घालविली तर व्याख्यान तेथेच संपले. सुरुवात श्रोत्याच्या मनातील प्रश्नापासून करावी: दख्खनचे पठार स्थिर म्हणून प्रसिद्ध, नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात घातलेला, मग धरणी हलली कशी? त्यानंतर परिमाण आणि तीव्रता यांतील भेद उलगडावा, कारण येथेच जाणतेही घसरतात. परिमाण भूकंपागणिक एक. या भूकंपाचे ते सुमारे ६.२ होते. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. त्याच धक्क्यात सास्तूरची घरे बसली आणि धाराशिवात भांडी वाजली, एवढे म्हटले की भेद कळतो. परिमाण एकाने वाढले तर बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, ही गोष्ट फळ्यावर आकडे मांडून दाखवावी. नुसती बोलून ती पटत नाही.

आणि मग भिंत. आपल्याकडील जुनी भिंत म्हणजे दोन बाजूंना दगडांचे दोन थर, मध्ये चिखल आणि गोटे. दोन्ही थरांना आरपार जोडणारा लांब दगड बहुधा नाहीच. वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून ते जाड करीत गेले. धक्क्याने होणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. जितके माळवद जड तितका भिंतीवर ताण अधिक. भिंतीचे दोन थर पोट फुटल्यासारखे बाहेर पडले आणि छत निजलेल्यांवर आले. टेबलावर खड्यांच्या दोन रांगा रचून, मध्ये रेती भरून, वर वीट ठेवावी आणि टेबल हलवावे. नंतर दोन्ही रांगांना जोडणारी पट्टी मधून घालून पुन्हा हलवावे. हा प्रयोग घरी निदान पाचसहा वेळा करून पाहिलेला असावा. फसलेला प्रयोग श्रोते विसरत नाहीत.

मायकेल फॅरेडेने १८१३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ॲबट नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत व्याख्यात्याने काय करावे याचा बारकाईने विचार केला आहे. एका तासाहून अधिक बोलू नये असे त्याचे मत. सेमिनारला वीस मिनिटे मिळतात. या मुलीने घड्याळ लावून आईसमोर बोलून पाहावे, आणि आईने जेथे ‘म्हणजे काय?’ म्हटले तेथे कागदावर खूण करावी.

सर्वांत अवघड भाग पुढचा आहे. तेरणेवरील माकणीच्या धरणामुळे भूकंप झाला काय, हे कोणीतरी विचारणारच. कोयनेच्या बाबतीत, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर, जलाशय आणि धक्के यांचा संबंध शास्त्रज्ञांनी सामान्यतः मान्य केला. किल्लारीविषयी तसे एकमत नाही. काहींनी ती शक्यता मांडली, इतरांना पुरावा अपुरा वाटला. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे लहान धक्के बसले होते हे मात्र निश्चित. निश्चित तेवढे निश्चित म्हणावे आणि शंकेचे शंकेत ठेवावे. टाळीसाठी ‘धरणच कारण’ असे ठोकून देणारा वक्ता आपल्याकडे पुष्कळ मिळतो; त्याचा मला राग येतो हे लपवून काय उपयोग?

पुढे भूकंपपट्ट्यांच्या नकाशाची २००२ मध्ये फेररचना झाली, सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टा काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात आला. शास्त्राने आपली चूक छापून दुरुस्त केली, हेही त्या मुलीने सांगावे. मग शेवटच्या रांगेतील एखादा म्हातारा उठेल आणि विचारील, ‘पोरी, पुन्हा कधी व्हायचा?’ तारीख कोणालाच सांगता येत नाही, हे तिने सरळ सांगावे, आणि त्याच्या घराची भिंत कशाची आहे ते विचारावे.